दोन नावांचा जावई

"ह्या नावाचा माणूस आमच्याकडे नाही," अंबडच्या त्या कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन म्हणाला, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. खरं तर ती आधीपासूनच चुकचुकत होती. मिक्सर दुरुस्तीला टाकायच्या निमित्ताने मी अंबडला गेले होते खरी, पण मिक्सर आमच्या गल्लीतही दुरुस्त होतो हे मला माहीत होतं आणि माझ्या मुलीलाही.

मी ज्याची चौकशी करत होते तो माझा होणारा जावई. होणारा असं मुलगी म्हणत होती. मी अजून काहीच म्हटलं नव्हतं. मी वॉचमनला पुन्हा सावकाश नाव सांगितलं. त्याने शेजारच्या दुसऱ्या वॉचमनला विचारलं. दोघांनी मिळून मान हलवली आणि मला सावलीत उभं राहायला सांगितलं. तेवढ्यात पाळी सुटली आणि गर्दीतून तोच बाहेर आला, हातात हेल्मेट, बरोबर तिघेचौघे, आणि त्यातला एकजण त्याला आडनावाने हाक मारत होता.

"मावशी, तुम्ही इथे?"

"तुला इथे कुणी ओळखत नाही म्हणतात."

तो हसला. "कंपनीत आडनावानेच ओळखतात. आणि कागदावर जुनं नाव आहे, बाप्तिस्म्याच्या आधीचं."

"काय होतं ते?"

त्याने हेल्मेटची काच शर्टाला पुसली. "ते गावाकडचं आहे, मावशी. राहू द्या."

राहू द्या म्हटलं की मी राहू देत नाही, हे त्याला अजून माहीत नव्हतं.

इथे मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. ज्या घरात एका नावावरून एवढं रामायण झालं, तिथे नावं जपून वापरलेली बरी. एवढं सांगते की आम्ही नाशिकचे जुने ख्रिस्ती. माझ्या पणजोबांच्या आधीपासून. आमच्या घरातली नावं बघाल तर तुम्हाला काही कळायचं नाही. शेजारच्या कुठल्याही घरातली असावीत अशीच. धर्म बदलला तेव्हा त्या माणसांनी नावं बदलली नव्हती, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

नाही म्हणायला माझं नाव बदललंय. लग्नात सासूबाईंनी बदललं. माझं माहेरचं नाव आणि त्यांच्या थोरल्या नणंदेचं नाव एकच होतं, आणि त्या नावाने घरात कुणाला ओरडलं की नणंदबाई फुगून बसणार. सुनेला ओरडायची सोय तर हवी. तेव्हा नवरदेवाच्या कानात सांगून माझं नाव बदललं गेलं, आणि चाळीस माणसं जेवून गेली. त्यात देवाचं पाचारण वगैरे काही नव्हतं. म्हणून एखादा माणूस आपण होऊन, भर तारुण्यात, नाव बदलतो म्हटलं की मला वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय. नाव बदलायची गरज दोघांनाच पडते, सुनेला आणि फरार माणसाला. तो सून नव्हता.

तर हा मुलगा हरसूलच्या बाजूचा. डोंगरातल्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत शिकला, आयटीआय केलं, अंबडला मशीनवर लागला, दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहू लागला. त्यातला एक मित्र आमच्या मंडळीतला, म्हणजे आमच्याच चर्चचा. त्याच्याबरोबर तो उपासनेला यायला लागला, मागच्या बाकावर बसायला लागला, आणि दोनेक वर्षांनी त्याने बाप्तिस्मा घेतला. माझी मुलगी तिथे रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवते. पुढचं काय झालं ते सांगायची गरज नाही, ते सगळीकडे सारखंच होतं. ती तिशी ओलांडलेली, शाळेत शिक्षिका, स्वतःच्या पायावर उभी. तिचे वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. तिला आगापिछा म्हणून मी एकटी. मी जर डोळे मिटून हो म्हटलं आणि पुढे काही निघालं, तर तिने कुणाच्या दारात जाऊन रडायचं? माझ्यानंतर तर कुणाच्याच नाही. म्हणून डोळे उघडे ठेवणं हे माझं कामच होतं.

मी मंडळीच्या पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरांना, गाठलं. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, समजावून सांगायची त्यांना भारी हौस.

"त्याने स्वतः मागितलं नाव," ते म्हणाले. "मी त्याला म्हटलंही, गरज नाही. पण तो ठाम होता. आणि बघा बाई, शास्त्रात देवाने ज्यांना मोठं काम दिलं त्यांना नावंही नवी दिली. नवं नाव म्हणजे त्या माणसाचं पाचारण. कशासाठी बोलावलंय त्याची आठवण."

"मग पोस्टमनचं नाव पोस्टमनच ठेवावं," मी म्हटलं.

ते हसले. मी काही हसायला गेले नव्हते. "जुनं नाव काय त्याचं?"

"मला माहीत आहे. पण ते त्याने सांगावं."

म्हणजे यांनाही माहीत होतं. मुलीलाही होतं, तिला विचारलं तर ती म्हणाली, "आई, शाळेत त्याला त्या नावावरून सगळे हसायचे. त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल." सगळ्या मंडळीत मीच तेवढी परकी. त्याने घेतलेलं नाव तर माझ्या लहानपणापासून ओळखीचं होतं. मासे धरणाऱ्या त्या शिष्याचं, ज्याला प्रभूने जाळ्यापासून उठवून बोलावलं आणि ज्याचं नाव बदललं. आमच्याकडे हे रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. इतकं पाठ असतं की त्या नावाचा अर्थ काय याचा मी कधी विचारच केला नाही. हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण मी दुसरीकडेच बघत होते.

मी बघत होते ते त्याच्या रविवारकडे. उपासना संपली की हा आमच्याकडे जेवायचा, आणि ताट उचलून ठेवलं की गाडीला किक मारून गायब. संध्याकाळी परत आला तर बुटांना चिखल. नाशिकमध्ये चिखल मिळत नाही असं नाही, पण तो लाल-काळा, शेतातला चिखल होता. एकदा त्याने गाडी आमच्या दारात लावली होती आणि मागे पिशवी बांधलेली होती. पिशवीचं तोंड उघडं होतं. मी उघडलं नाही, उघडंच होतं. आत लहान मुलीचा स्वेटर होता, गुलाबी, कोपरावर ठिगळ लावलेला. आणि बिस्किटांचे पुडे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला सगळं दिसायला लागलं. गावी बायको, एक मुलगी, पाचसहा वर्षांची, थंडीत स्वेटरची वाट बघणारी. म्हणून जुनं नाव लपवायचं. जुन्या नावाचं लग्न झालेलं, नव्या नावाचा ब्रह्मचारी! मला रागाने घाम फुटला. मुलीला सरळ विचारता आलं असतं. पण विचारून खरं कळतं यावर माझा विश्वास नाही. खरं कळतं ते जाऊन बघितल्यावर.

म्हणून मी हरसूलला गेले. आठवड्याच्या बाजाराचा दिवस धरला, कारण बाजाराला सगळ्या पाड्यांवरची माणसं येतात. घरी सांगितलं, नागली (तुमची नाचणी) आणायला चाललेय. मुलगी म्हणाली, नागली किराणा दुकानातही मिळते. मी म्हटलं, तिथली नागली वेगळी. त्र्यंबकवरून बस वळणावळणाने वर चढत होती आणि मी मनात प्रश्न जुळवत होते.

बाजारात मी आधी खरंच नागली घेतली, म्हणजे नंतर खोटं बोलावं लागू नये. मग विचारायला सुरुवात केली. कपड्याच्या दुकानात, सुकट विकणाऱ्या बाईकडे, टमटमच्या ड्रायव्हरकडे. त्याचं नवं नाव, कारण दुसरं मला ठाऊकच नव्हतं, आणि आडनाव. आडनाव ऐकून सगळ्यांचे चेहरे उजळायचे, कारण अर्ध्या पाड्यांचं तेच आडनाव. नाव ऐकून मात्र सगळे गप्प.

"ह्या नावाचा आमच्यात कोनी नाय, बाई," टमटमवाला म्हणाला. "त्ये नाव किरस्तावांचं हाय ना?"

"हो. पण मुलगा इथलाच आहे. अंबडला कामाला."

"अंबडला तर लय पोरं हायेत. पर ह्या नावाचा नाय."

सुकटवाली मला न्याहाळत होती. "कशापायी शोधतां त्याला?" तिने विचारलं. मी म्हटलं, लग्नाचं आहे. तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग शेजारणीकडे पाहिलं, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मी तिथून निघाले. परतीच्या बसमध्ये माझी खात्री पटली होती. कारखान्यात नाही, गावात नाही. हा माणूस फक्त आमच्या मंडळीत आणि माझ्या मुलीच्या डोक्यात होता.

रविवारी जेवण झाल्यावर मी त्याला उठू दिलं नाही. "बस," म्हटलं. मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी हरसूलला गेले होते," मी म्हटलं. "तुला तिथे कुणी ओळखत नाही. तुझी बायको कुठल्या पाड्यावर असते? आणि ती मुलगी, जिच्यासाठी स्वेटर नेतोस?"

मुलगी संतापाने पांढरी पडली. "आई!" एवढंच म्हणाली. आणि तो? तो आधी हसला, अगदी मनापासून, आणि मग त्याचं हसू मावळलं.

"मावशी, पिंपळगावला द्राक्षाच्या हंगामाला आमच्याकडची माणसं येतात," तो म्हणाला. "बागेत, पॅकिंगला. पोरंबाळं घेऊन. कुणी आजारी पडलं तर सिव्हिलला कुठे जायचं, कुणाला भेटायचं ठाऊक नसतं. पोरं दिवसभर शेडच्या बाहेर. मी रविवारी जातो. मंडळीतल्या बायका जुने कपडे देतात, ते नेतो. तुम्हीपण एकदा दोन साड्या दिल्या होत्या."

साड्या मी दिल्या होत्या, गरजूंसाठी म्हणून. त्या पिंपळगावला जातात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "मग गावात तुला ओळखत का नाही?" मी सोडलं नाही. "आई आहे ना तुझी गावात? तिला तरी माहीत असेल ना तुझं नाव."

त्याने हेल्मेट उचललं आणि परत खाली ठेवलं.  मला माणसांच्या हालचाली ओळखता येतात, तेवढी माझी कमाई आहे.

"नाही," तो म्हणाला. "बाप्तिस्मा घेतला हे तिला सांगितलंय. ती काही बोलली नाही. नवं नाव सांगितलेलं नाही."

म्हणजे मला आलेला वास बरोबर होता, फक्त मी चुकीच्या दारात हुंगत होते. तो आमच्यापासून जुनं नाव लपवत होता म्हणून मी रान उठवलं, आणि खरं लपवलेलं होतं ते नवं, आणि ते आईपासून. मला त्याची कीव आली नाही. जो आईला आपलं नाव सांगू शकत नाही, तो माझ्या मुलीला आणखी काय काय सांगणार नाही?

"का नाही सांगितलं?"

"ती घाबरेल."

"कशाला?"

त्याने मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, पुरे." पण माझं पुरे झालं नव्हतं. मी अट घातली. आमच्या मंडळीत लग्नाआधी तीन रविवार नवरानवरीची नावं उपासनेत वाचून दाखवतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. मी म्हटलं, पहिल्या रविवारी तुझी आई उपासनेत, माझ्या शेजारी बसलेली पाहिजे. तिने तुझं नाव सगळ्यांसमोर ऐकलं पाहिजे. नाहीतर हरकत मीच घेईन. मुलगी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. त्याने मात्र मान हलवली. "आणतो. त्याच्या आधी सांगतो तिला," म्हणाला.

त्याने आणलं. सांगितलं मात्र नव्हतं. हे मला नंतर कळलं. येताना बसमध्ये सांगायचं ठरवलं होतं, पण बस भरलेली होती, आणि मग स्टँड आला, आणि मग रिक्षा, आणि मग आम्ही.

ती बारकी, काळीसावळी, ताठ बाई होती. नऊवारीचा काष्टा, गळ्यात मण्यांची माळ, पायातल्या चपला तिने मंदिराच्या (चर्चला आम्ही मंदिरच म्हणतो) दाराशी काढल्या आणि आमच्यापैकी कुणी काढत नाही हे बघूनही परत घातल्या नाहीत. माझ्या शेजारी बसली. माझ्या मुलीला ती आधी एकदा भेटली होती. तिने मुलीच्या हनुवटीला हात लावून तो ओठांना लावला. मग माझ्याकडे पाहिलं. मी जशी लोकांकडे बघते, तशीच ती माझ्याकडे बघत होती. मला ते मुळीच आवडलं नाही.

प्रवचन झालं, दानाची थैली फिरली, सूचना झाल्या. मग पाळकसाहेबांनी माझ्या मुलीचं नाव वाचलं आणि त्याच्याबरोबर त्याचं, नवं. "या दोघांचा विवाह योजलेला आहे. कुणाची काही रास्त हरकत असल्यास आताच सांगावी." आमच्या मंडळीत या वाक्यानंतर कधी कुणी बोललेलं मला आठवत नाही. पाळकसाहेबांनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगायला तोंड उघडलंच होतं.

"हाय," माझ्या शेजारून आवाज आला. "माझी हाय."

ती उभी होती. सगळं मंदिर वळून आमच्या बाकाकडे बघायला लागलं. मला वाटतं अर्ध्या लोकांना आधी वाटलं, मीच बोलले.

"ही पोरगी माझ्या पोराला दावली व्हती," ती म्हणाली. आवाजात कंप नव्हता. "मला बोलावून आनलं. आनि आता तुमी दुसऱ्याच कोनाचं नाव घेतलंत. ह्यो कोन? माना पोसा कुठं गेला?"

माना पोसा म्हणजे माझा मुलगा. तिला वाटलं होतं की आम्ही, शहरातल्या लोकांनी, तिच्या डोळ्यांदेखत नवरदेव बदलला.

पुरुषांच्या बाजूने तो उठला. कानापर्यंत लाल झाला होता. "आय, त्यो मीच."

"तू कसा? तुझं नाव मी ठिवलंय." आणि तिने ते नाव घेतलं, डोंगरावरून हाक मारतात तसं, खणखणीत.

मागच्या बाकावर दोन तरुण पोरं फिसकन हसली. त्यांचा तरी काय दोष? शहरात ते नाव आता नाटकातल्या नोकराला ठेवतात. दगड, धोंडा, त्याच अर्थाचं. पण ती पोरं हसली आणि ही बाई तिकडे वळली.

"हसू नगा. ह्याच्या आधीची माझी पोरं राहिली नाय. एक बी नाय राहिलं. मंग ह्यो झाला तवा सासू म्हनली, ह्याला दगड म्हन. चांगलं नाव दिलं की नेनाऱ्याची नजर पडती. दगड कोन उचलून नेतं? म्हून ह्यो राहिला." मग तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि आता पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "आनि तू त्ये टाकलंस? कोनाला इचारून टाकलंस रं?"

मी जन्मभर माणसांवर संशय घेत आले. दूधवाला, भाजीवाली, पाळकसाहेब, होणारा जावई. ही बाई मरणावरच संशय घेऊन बसली होती, त्याच्या जन्मापासून, आणि तिच्याकडे पहाऱ्याला ते एक नाव होतं. आम्ही तो पहारा उठवला, आणि वर तिला लग्नाला बोलावलं. मला एकदम रडू आलं. ते मी पदराने पुसलं आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात ती गोष्ट आली जी इतके दिवस आली नव्हती.

"विहीणबाई," मी म्हटलं. हा शब्द मी तोवर वापरला नव्हता. माझी मुलगी झटकन माझ्याकडे वळली. "त्याने नाव टाकलेलं नाही. हे जे नवीन नाव आहे ना, त्याचाही अर्थ तोच. दगड. खडक."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी पोरीची आय. तुमी म्हननारच."

मला राग यायला हवा होता. पण तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं, शब्दन् शब्द. तिने पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या खांद्याला बोट लावलं. ते आमच्या मंडळीतले सगळ्यात जुने, ऐकायला कमी येतं. "बाबा, तुमी सांगा. ह्या नव्या नावाचा काय अरथ?"

"कशाचा?"

पाळकसाहेबांनी वरून मोठ्याने तो प्रश्न पुन्हा विचारला.

"खडक," म्हातारा म्हणाला, रविवारच्या शाळेत उत्तर देतात तसा. "दगड. प्रभूने ठेवलं ते नाव."

मागच्या बाकावरची ती पोरं आता खाली बघत होती. ती बाई उभीच होती. तिने हे सगळं मनात चाचपून घेतलं, आणि मग तिने जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

"मंग बदललं कशापायी? दगडाचं दगडच करायचं, तर त्यात देवाचं काय काम?"

पाळकसाहेबांनी मुलाकडे पाहिलं. शहाणा माणूस. मीही मुलाकडे बघत होते आणि खरं सांगते, अजूनही मला खात्री नव्हती. पाठ केलेलं काही बोलला असता तर मी त्याच क्षणी मुलीचा हात धरून बाहेर पडले असते.

तो आईशी बोलला, त्यांच्या गावच्या बोलीत, आणि तो तसं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. सावकाश, अडखळत. "आय, तू ठिवलंस त्ये मी राहावं म्हून. मी राहिलो. पर राहून काय करू, त्ये त्या नावात नव्हतं. ह्या नावाचा त्यो कोळी व्हता ना, त्याला येशूनं दगड म्हनलं त्ये त्याच्यावर बांधायचं व्हतं म्हून. फेकायचा दगड नाय, आय. घराच्या पायात घालायचा. आपली मानसं पिंपळगावला येत्यात, त्यांना तिथं पाय ठेवाया जागा नसती. त्यांनी माझ्यावर पाय ठेवून चढावं. मला दुसरं काय येत नाय. ह्या नावानं कोनी हाक मारली का मला त्ये काम आठवतं."

आणि मग म्हणाला, "तुला सांगाया मला धीर नाय झाला. तू घाबरशील म्हून."

तिने त्याच्यावरून नजर काढली.  मग ती पाळकसाहेबांना म्हणाली, "दोनी वाचा."

"काय?"

"दोनी नावं वाचा. माझं आधी."

पाळकसाहेबांनी वाचलं. आधी तिने ठेवलेलं, मग प्रभूने ठेवलेलं. मग पुन्हा विचारलं, कुणाची काही हरकत? या वेळी मात्र सगळं मंदिर सरळ माझ्याकडेच बघत होतं. मी गाण्याच्या पुस्तकात तोंड खुपसलं. हरकत नव्हती. पण लगेच चेहऱ्यावर दाखवणं माझ्या स्वभावात नाही.

उपासनेनंतर आवारात चहा असतो, खारीबरोबर. तिला मी खुर्ची दिली, ती पायरीवर बसली, तेव्हा मलाही पायरीवर बसावं लागलं. मुलगा आणि मुलगी लांब उभे होते, लोक त्यांचे हात हातात घेत होते. तिने चहा बशीत ओतला आणि प्यायलाच नाही.

"एक इचारू?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "माझी आधीची पोरं... त्यांना नाव ठिवायला बी सवड नाय झाली. पाचवी पुजली न पुजली, का गेली. तुमच्यात देव मानसाला नवं नाव देतो म्हन्तात. ज्यांना पयलंच नाय मिळालं, त्यांना त्यो काय म्हून हाक मारीत आसंल?"

आमच्या शास्त्रात यावर सांगण्यासारखं काही आहे. मला ते तोंडपाठ आहे. पण ते त्या वेळी माझ्या तोंडून निघेना. "त्याला ठाऊक असतील त्यांची नावं," मी म्हटलं.

ती वळली. "तुमाला ठावं हाय, का नुसतं म्हनताय?"

हाच प्रश्न मी आयुष्यभर लोकांना विचारत आले होते. मला तो कुणी कधी विचारला नव्हता.

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "नुसतंच म्हणतेय. पण मला तसं वाटतं."

तिने माझा चेहरा नीट पाहून घेतला, घाई न करता, खरंखोटं करत. मग बशीतला गार झालेला चहा पिऊन टाकला आणि बशी माझ्या हातात दिली.

"फुडच्या रविवारी बी वाचनार ना नावं?" ती म्हणाली. "येते मी."